अर्धा कॅन्सर राखायचा!

आजारी माणसाच्या घरी लोक मोसंबी आणतात आणि सल्ले देतात. मोसंबी संपतात. सल्ल्यांचे मात्र किस्से होतात आणि साचत जातात. आमच्याकडे इतके साचलेत की बाबांची जाडजूड फाईल त्यापुढे बारीक दिसते!

*

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर. पेणजवळच्या आमच्या गावात हा अवयव कुणी मोठ्याने उच्चारत नाही. आत्या जिते गावाहून आली आणि शेजारणीला म्हणाली, "पोटाचा हाय."

मी म्हटलं, "आत्या, प्रोस्टेट म्हण ना!"

"गप गो! माणसं जेवतायत!"

*

गोळ्यांनी रक्ततपासणीतला कॅन्सरचा आकडा निम्म्यावर आला आणि मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "आता बंद. आकडा चढला की परत चालू करू."

मोठे काका धाटावच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. ते भडकले. "कंपनीत लीकेज झालं तर आम्ही व्हॉल्व्ह अर्धाच बंद करायचो काय?"

*

मग मी समजवायला बसले. एमएस्सीचा तेवढाच उपयोग! म्हटलं, सगळ्या पेशी सारख्या नसतात. गोळीने मरणाऱ्या पुष्कळ, न मरणाऱ्या थोड्या. मरणाऱ्या जागा अडवून बसतात, म्हणून दुसऱ्या फोफावत नाहीत. त्या सगळ्या मारल्या की रान मोकळं!

बाबांना लगेच कळलं. "म्हणजे आपल्या खालच्या शेतासारखं. दरवर्षी एकच तणनाशक मारलं. साधं गवत मेलं, आणि औषधाला न जुमानणारं तेवढं माजलं."

काका उठून उभे राहिले. "तण राखा म्हणते पोरगी! फी भरून हे शिकलीस?"

*

पुढच्या महिन्यात गोळ्या बंद असूनही आकडा आणखी उतरला. जवळजवळ शून्य!

आत्या म्हणाली, "माझे सोमवार फळले."

मी म्हटलं, "सोमवार नाही, उत्क्रांती!" आणि अख्ख्या आळीला लेक्चर दिलं.

काका नुसते हसले. मला वाटलं, हरले!

*

मग आकडा चढला. गोळ्या परत चालू केल्या, तरी चढतच गेला. डॉक्टरांनी विचारलं, "मधे गोळ्या घेत होतात का?"

बाबा म्हणाले, "नाय."

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "आता ज्या पेशी उरल्यात, त्यांना ही गोळी लागू पडत नाही."

*

घरी येऊन मी कपाट उघडलं. दोन महिन्यांच्या उरलेल्या गोळ्या तिथे ठेवल्या होत्या. सगळ्या स्ट्रिप रिकाम्या!

काका दारातच उभे होते. "थोडाच कॅन्सर राहिला होता गो. म्हटलं, संपवून टाकू. कुटून त्याच्या चहात घालायचो. रोज सकाळी."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. "तुम्हा मोठ्यांना जन्मात एकदा तरी कुणाचं ऐकता येतं का?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

खाटेवरून बाबा म्हणाले, "त्याला बोलू नको. मला माहीत होतं. कडू लागायचा ना चहा."

काका दारातून खाटेजवळ आले. "मग प्यायलास कशाला रे?"

"दादा, साठ वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासाठी चहा केलास. टाकायचा कसा?"