हुलीचा पाठ आन मी

आमचं वऱ्हाड नागपूरच्या सरकारात होतं तवाची गोष्ट. मी अकोटच्या एका शाळेत डिरीलमास्तर होतो. मास्तर म्हनाचं आपलं. मले अक्षर येत नाही. हे बी मी सांगून राहिलो आन लिहून दुसराच घेऊन राहिला. आखाड्यातून उचलून आनलेला बैल मी, पोट्ट्यायच्या पोटऱ्यायवर छडी हानून आट्यापाट्या शिकवत होतो. एक दिवस हेडमास्तरानं सांगतलं, "अमरावतीले उन्हाळी वर्ग हाय. नव्या पद्धतीनं खेळ शिकवाचं सर्टिफिकेट आना, नाहीतर तुमची जागा गेली समजा."

गेलो लारीत बसून. मिशावाले बाप्ये चड्ड्या घालून बेडकावानी उड्या मारून राहिले होते, त्यात मी सगळ्यात मोठा बेडूक. शिकवनारे सर बाहेरून नवी पद्धत शिकून आलेले. त्याईचं म्हननं असं का छडी नाही, शिवी नाही. आधी पोरायले खेळू द्या, मंग थांबवून इचारा, "तू का अडकलास?" पोरगं आपल्या डोक्यानं उत्तर शोधन. म्या मनात म्हनलं, पोरगंच शोधन तर मास्तर कायले पोसता? जेवढी अक्कल कमी, तेवढी माही मिजास जास्त.

परीक्षेले एक पाठ घ्याचा होता. मले आली हूल, म्हंजे पाटी, मैदानावरची आडवी रेघ, अडवून उभ्या गड्याले चकवून पार कसं जाचं ते. पोरं म्हनून आमचेच सोबती उभे, दहा वर्साचे बनून. पाठाचं टाचन एका सोबत्यानं लिहून देल्लं, सात प्रश्न. ते त्याच्याकडून वाचून घेऊन म्या दोन दिवस घोकले. उत्तरं त्यानं सांगतली नाही, म्या इचारली नाही.

खेळ रंगला, म्या शिट्टी मारली. "बाळ, तू का अडकलास?"

बाळ पस्तीस वर्साचा. "गुर्जी, पाय लवकर उचलला."

"शाबास! तुही नजर कुठं होती?"

"तुमच्या टकलावर, गुर्जी."

"शाबास! समोरच्यानं काय केलं?"

लेकायले समजलं का ह्या बैलाले उत्तर आयकूच येत नाही. "गुर्जी, त्यानं जिलबी खाल्ली."

"शाबास! आता तू काय करशील?"

"घरी जाईन, मायची आठवन येऊन राहिली."

"शाबास!"

मैदान हसून हसून लोळलं. मले वाटलं, पाठ जमला.

सर हसले नाहीत. हळूच म्हनाले, "उस्ताद, हूल देताना तुमचा कोणता पाय आधी पडतो?"

वीस वर्सं हूल देत आलो, अकोट-अकोल्यात मले कोनी धरलं नाही. पन पाय? "पाहून सांगतो, सर," म्हनलं आन शिरलो पाटीत. डाव्या पायाकडं पाह्यलं, तवरीक पाठीवर थाप. उजव्याकडं पाह्यलं, पुन्हा थाप. ज्या ढेरपोट्याले उठताना हात टेकवा लागे, त्यानं मले तीनदा धरलं. वरतून लाडात येऊन इचारे, "कावून अडकले, गुर्जी?" मले शिव्याच येत, उत्तर येईना.

नापास.

अकोटले परत आलो तं हेडमास्तर म्हनाले, "मग आता?"

म्या म्हनलं, "मैदान झाडतो, चुना मारतो."

माह्या जागी एक पास झालेला मास्तर आला. काडी नुसती, फुकलं तर बडनेऱ्याले जाऊन पडन. तो पोट्ट्यायले इचारे, पोट्टे आपसात भांडत, दोनदा अडकत, तिसऱ्यांदा पार. माह्या हाताखाली वर्सभर मार खाऊन बी ते पाटीले भेत होते. मी चुन्याचं घमेलं धरून पाहत राहो आन त्याले मनातल्या मनात शिव्या घालो. मंग तो म्हने, "मामा, मधली रेघ पुसली." मी वाकून पुन्हा मारो.