आधी आंबा, मग पैसे

माझं काम लोकांवर संशय घेण्याचं आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. एखादी कंपनी नव्या पुरवठादाराला काम देण्याआधी त्याचं नाव आमच्या मीरा रोडच्या ऑफिसात पाठवते. आम्ही त्याची नोंदणी तपासतो, पत्त्यावर माणूस पाठवून दुकानाचे फोटो मागवतो, कोर्टात काही चालू आहे का बघतो, नेटवर कुणी त्याच्या नावाने खडे फोडतंय का ते शोधतो. मग अहवाल: हिरवा, पिवळा किंवा लाल. मी या कामात इतकी मुरले होते की भाजीवाल्याकडेही त्याच नजरेने बघायचे.

आईची पद्धत अगदी उलटी. बाबा गेल्यावर ती भाईंदर पूर्वेच्या आमच्या तळमजल्याच्या घरातून आंबे विकायला लागली. मामाची कलमं रत्नागिरीकडे. चैत्र लागला की हॉलमधलं सामान बेडरूममध्ये जायचं, हॉलभर पेंढा पसरायचा, आणि सीझन संपेपर्यंत आम्ही दोघी आंब्यांच्या घरात पाहुण्यासारख्या राहायचो. आगाऊ ती एक रुपया घ्यायची नाही. गिऱ्हाइकासमोर पेटी उघडायची, एक आंबा त्याच्या नाकाशी धरायची आणि म्हणायची, "आधी आंबा, मग पैसे. नाही आवडला तर देऊ नका." क्वचित एखादा महाभाग खरंच द्यायचा नाही. "त्याला पचायचे नाहीत," एवढं बोलून ती विषय संपवायची.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी तिचा एक फोटो काढला. पेंढ्यात बसलीय, ओटीत आंबे, मागे पेट्यांची चळत. आमच्या भागातल्या ग्रुपवर टाकला. फोटो झकास आला होता, तेच वाईट झालं. कुणीतरी तो उचलला आणि त्यावर स्वतःचं पान उघडलं: थेट बागेतून, अर्धे पैसे आधी. पैसे त्याच्या खात्यात जमा झाले आणि त्याचा फोन बंद झाला. मग फसलेल्या लोकांनी तो फोटो मोठा करून पाहिला. मागच्या पेट्यांवर आईने जाड मार्करने आपला नंबर लिहिलेला होता.

पहिला फोन आला तेव्हा मी घरीच होते. पलीकडचा माणूस हिंदीतून असा कडाडत होता की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, मैंने आपका पैसा नहीं लिया," ती म्हणाली. "लेकिन मेरा फोटो देखके आपने दिया ना? पत्ता बोलो. एक डझन भेजती हूँ."

मी हात धुवायचे सोडून बाहेर आले. "वेड लागलंय का तुला? आंबे पाठवलेस तर तूच चोर ठरशील. आमच्या ऑफिसात अशी भरपाई दिली की आम्ही ती कबुली धरतो."

"धरू देत. कर नाही त्याला डर कशाला? माझं तोंड बघून पैसे दिलेत त्यांनी. घरात पोरं वाट बघत असतील."

तिने असे किती जणांना आंबे पाठवले ते मी विचारलं नाही. भांडण झालं असतं. मग एक दिवस मला ते दिसलंच. फसवे नंबर जिथे लोक नोंदवतात अशा एका साइटवर आईच्या नंबराखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'दम दो तो माल भेजती है. मतलब पैसा इसी ने खाया है.' खाली दुसऱ्याने दुजोरा दिला होता, 'सही है. मैं चिल्लाया तो मेरे को भी भेजा.' तिचा चांगुलपणाच तिच्याविरुद्ध पुरावा झाला होता. ती फाइल माझ्या टेबलावर आली असती तर मीही लाल शिक्का मारला असता, हे मला कळत होतं आणि त्याने मला रडू येत होतं.

त्यानंतर त्या साइटचं ॲप असलेल्या परक्या फोनवर तिचा नंबर लाल रंगात उमटायला लागला. माझ्या फोनवर ती 'आई' होती, म्हणून मला ते दिसलंच नव्हतं. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या फोनवर पाहिलं: 'फ्रॉड आमवाली'.

पुढच्या सीझनला पेट्या पडून राहिल्या. समोरच्या विंगमधल्या गुजराती बा आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. एका दुपारी त्या भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून पेटी घेऊन रिक्षातून उतरल्या. पेटी जड, जिना चढायचा, लिफ्ट बंद. आई उठली, ती परकी पेटी उचलली आणि त्यांच्या मजल्यापर्यंत नेऊन दिली. बा ओशाळल्या.

"मेरे को तो तुम पे भरोसा है, बेन," त्या म्हणाल्या. "पर लड़का मना करता है. उसने मोबाइल में देखा."

"लड़का बराबर बोलता है," आई म्हणाली. "देखके ही लेने का." घरी येऊन ती पेंढ्यात बसली आणि पिकलेले आंबे निवडत राहिली, घ्यायला कुणी नव्हतं तरी. मला इतका संताप आला होता की त्या बांना जाऊन दोन शब्द सुनावणार होते. आईने माझा हात धरून खाली बसवलं.

मी जे जे करता येतं ते केलं. पोलिसांकडे आणि सायबरच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोच जोडून त्या साइटला अर्ज पाठवला. उत्तर आलं: आमचा प्रतिनिधी नंबरच्या मालकाशी स्वतः फोनवर बोलून खातरजमा करेल. झालं! त्या दिवसापासून आईने फोन जवळून हलू दिला नाही. फोडणी घालताना तो मिसळणाच्या डब्यावर असायचा. आपल्या हिंदीवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून वाक्य पाठ करून ठेवलं होतं. "हाँ जी, मैं ही बोल रही हूँ. बोलिए." 'हाँ जी' लांबवायची, 'बोलिए'ला मान हलवायची.

"मुलाखत आहे की काय तुझी?" मी चिडवायचे.

"मुलाखतच की. एवढी वर्षं धंदा केला, कोणी विचारलंच नव्हतं."

आंबे संपले, पाऊस लागला, फोन आला नाही. श्रावणात एका दुपारी आमच्या घरातला कुकर शिट्ट्या देतच राहिला. शेजारणीने दार ठोठावलं, मग माणसं बोलावून तोडलं. मी ऑफिसातून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. मला वाटतं ते आधीच कधीतरी मोडलं होतं, पण हे अहवालात लिहायची सोय नाही.

तेराव्याचं कळवायला मी तिच्याच फोनवरून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत होते. पुष्कळांनी फोन बदललेले, नव्या फोनवर आईचं नाव नाही, नुसता लाल शेरा. फोन वाजायचा आणि कापला जायचा. एका बाईंनी उचलला. "आंबे नकोत हं आम्हाला, आणि परत फोन करू नका," म्हणाल्या. मला 'आई गेली' म्हणायला सवडच मिळाली नाही.

आणि तेरावं उरकून मी भांडी जागेवर लावत होते, तेव्हा तिचा फोन वाजला. एक तरुण मुलगी, गोड आवाज. त्या साइटकडून बोलत होती. उशीर झाल्याबद्दल माफी मागितली आणि म्हणाली, "क्या मेरी बात मालकिन से हो रही है?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माझ्याच धंद्यामुळे माहीत होतं. मालक हयात नाही, फाइल बंद, शेरा कायम. आई कायमची लाल राहिली असती.

"हाँ जी," मी म्हटलं. लांबवून. "मैं ही बोल रही हूँ. बोलिए."

"आप ग्राहकों से एडवांस लेती हैं?"

"नहीं. पहले आम, बाद में पैसा."

तिने आणखी काही विचारलं, मी आईसारखी उत्तरं देत गेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र लटपटू दिला नाही. त्या नंबरावरून कधी कुणाला फसवलं गेलं असेल, तर त्या मुलीला, तेवढंच.

"हो गया, आंटीजी," मुलगी आनंदाने म्हणाली. "लाल निशान हटा दिया. अब आपका फोन सब लोग उठाएँगे."