फुटाण्याचे एकशे ऐंशी दिवस

आता जे सांगतो आहे ते मी कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ बोललो असतो, पण ती असती तर बोलण्यासारखं काही घडलंच नसतं. मित्रांजवळ? मित्रांसमोर मी या प्रकरणाच्या फुशारक्या मारतो. अमडापुरात कुणालाही विचारा, जपानला कुत्रा नेणारे साहेब म्हटलं की लोक माझं घर दाखवतात. आणि खरंच नेला मी त्याला! विमानात कधी पाय न ठेवलेला माणूस, वय चौसष्ट, इंग्रजी कचेरीपुरतं, आणि तरी माझ्या कागदांत जपानी अधिकाऱ्याला खोट सापडली नाही. हे सांगताना अजूनही छाती फुगते, ते आधीच कबूल करतो. पण सांगायचं आहे ते दुसरंच.

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो. जिल्ह्यातल्या तीन तालुक्यांत नोकरी झाली. कुणाच्या चहालाही मिंधा झालो नाही, हे माझे वैरीसुद्धा सांगतील. पण एक विद्या मात्र मी पक्की शिकलो. समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं नसतं — त्रुटी काढायची असते. सातबारा जुना आहे. सही जुळत नाही. जोडपत्र राहिलं. माणूस मुकाट्याने कागद उचलून घरी जातो, उलट स्वतःलाच दोष देतो. साहेबांना एखादं प्रकरण नको असलं की ते माझ्याकडे यायचं, आणि मी ते असं झोपवायचो की सहा महिने कूस बदलत नसे. ही विद्या कधी घरात वापरीन असं वाटलं होतं का? मुळीच नाही.

माझी मुलगी प्रणाली पुण्यात नोकरीला होती. तिथे रस्त्यावर सापडलेलं एक तपकिरी पिल्लू तिने वाढवलं आणि त्याचं नाव ठेवलं फुटाणा. जात म्हणाल तर शुद्ध गावठी. एक कान उभा, एक कान पडलेला, आणि दाराशी कुणीही आलं तरी आधी भुंकायचं, मग शेपटी हलवायची, हा नियम. तीन वर्षांपूर्वी तिला ओसाकात काम मिळालं. कुत्रा लगेच नेता येत नव्हता, म्हणून तिने त्याला माझ्याकडे आणून सोडलं. तेव्हा तो सात वर्षांचा होता. जाताना गाडीत बसून ती जी रडली, तशी आई गेली तेव्हाही रडली नव्हती.

लगेच का नेता येत नव्हता, ते सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. आपल्याकडे पिसाळलेल्या कुत्र्याची भीती आहे, जपानात तो रोगच नाही. म्हणून त्यांचे नियम कडक. आधी कुत्र्याच्या मानेत ओळख क्रमांकाची चिप बसवायची, तांदळाच्या दाण्याएवढी. मग रेबीजच्या दोन लसी, मधे ठरलेलं अंतर. मग रक्त काढून त्यांनी नेमलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. त्यात लसीचा गुण ठरलेल्या पातळीच्या वर दिसला की रक्त काढल्या दिवसापासून एकशे ऐंशी दिवस थांबायचं. त्या काळात लसीची मुदत एक दिवसही उलटता कामा नये, नाहीतर मागचं सगळं बाद. आणि अपुऱ्या कागदांनी तसाच नेला, तर तिथे विमानतळावरच्या क्वारंटाइनमध्ये सहा महिने कोंडून ठेवतात. नियम वाचून मी खूशच झालो. याला म्हणतात कामकाज! प्रणालीला म्हटलं, पत्रव्यवहार एकाच ठिकाणी असावा, सगळीकडे माझाच पत्ता आणि माझाच ईमेल दे. तिने दिला. बाबा कागदात चुकत नाहीत, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

आता फोनचं सांगतो. आई असताना प्रणालीचं माझ्याशी बोलणं म्हणजे, “बाबा बरे आहेत ना?” आणि “हो, आईला देतो.” आई गेल्यावर फोन द्यायला कुणी उरलं नाही. आम्ही दोघंही दोन मिनिटांत दमायचो. मग फुटाणा आला, आणि रोज संध्याकाळी पाचला फोन वाजू लागला. तिकडे तेव्हा साडेआठ झालेले असायचे. मी ओसरीवर फोन धरून बसायचो, ती “फुटाण्या, ए फुटाण्या” करायची, तो पडलेला कानही उभा करायचा. आणि त्याच्याशी बोलता बोलता ती मलाही विचारायची — जेवले काय, गुडघा कसा आहे, पिठलं कुणी केलं. चाळीस-चाळीस मिनिटं! हात भरून यायचा, पण मी हात बदलायचो, फोन ठेवायचो नाही. सबंध आयुष्यात पोरगी माझ्याशी इतकी बोलली नव्हती.

तुमच्या लक्षात येतंय ना मी कुठे चाललोय? थांबा, माझं मलाच बोलू द्या.

तीन महिन्यांनी रक्ताचा अहवाल आला. फुटाणा पास. नुसता पास नाही, पहिल्या नंबराने. मी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि कपाटात बायकोच्या शालूखाली ठेवला. पाच वाजता फोन आला तेव्हा मी म्हणालो, पातळी कमी आली बेटा, रक्त पुन्हा पाठवावं लागणार.

त्रुटी काढली मी. स्वतःच्या पोरीच्या प्रकरणात.

ती म्हणाली, “आता अजून सहा महिने काय हो बाबा?” मी म्हणालो, नियम आहे. आवाज कसा निघाला म्हणता? अगदी कचेरीतला. मऊ, समजूतदार, जणू तिच्याइतकंच दुःख मलाही झालंय. ते वाक्य मी हजार माणसांना ऐकवलेलं होतं, अडखळायचं कारणच नव्हतं.

याच्यावर थांबलो असतो तरी कपाटातला अहवाल खरा होता. कधीही काढता आला असता. पण माझ्या खोट्या सहा महिन्यांची मुदत सरत आली आणि नेमकी तेव्हाच लसीची वर्षाची मुदत संपायची तारीख आली. मंगळवार होता. बुलढाण्याच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं, गाडी सांगितली होती, फुटाण्याच्या गळ्यात पट्टाही घातला होता. पट्टा घातला की त्याला वाटायचं फिरायला जायचंय, म्हणून तो दारात नाचत होता. मी गाडीवाल्याला उद्या ये म्हणून सांगितलं आणि पट्टा काढला. बुधवारी जाऊन लस दिली. एक दिवस. कार्डावर तारीख पडली आणि वर्षभराचं सगळं मातीत गेलं.

प्रणालीला सांगितलं, डॉक्टर लग्नाला गेले होते. त्या भल्या माणसाने उभ्या वर्षात दवाखाना बंद ठेवला नसेल. ती त्यांच्यावर इतकी चिडली की तिकडच्या मैत्रिणींनाही सांगत सुटली. मी मात्र नंतरही त्यांच्याकडे जायचो, खुर्चीत बसायचो, त्यांनी मागवलेला चहा प्यायचो. आणि तिकडे तिने काय केलं होतं ठाऊक आहे? कुत्रा ठेवू देतात म्हणून कामापासून लांब घर घेतलं होतं. रोज दीड तास जायला, दीड तास यायला. घरात त्याची गादी मांडलेली, वाडगं ठेवलेलं. फोनवर ती ते फुटाण्याला दाखवायची, “हे तुझं बघ.” मी फोन धरून ऐकत असायचो.

पुढे मी बरेच महिने काहीच केलं नाही, तिला मात्र कागद चालू आहेत असं सांगत राहिलो. मग एक दिवस दूध घालायला आलेले गजाननभाऊ फुटाण्याचं तोंड हातात धरून म्हणाले, “साहेब, याचं थोबाड पांढरं पडून राह्यलं ना. पोरगी याले म्हातारा झाल्यावर नेईन काय?” मी म्हटलं, कागद अडले आहेत. ते म्हणाले, “तुमच्या हातात असून कागद अडते?” त्यांनी काही संशयाने विचारलं नव्हतं. माझ्यावर विश्वास होता म्हणून नवल वाटलं त्यांना. त्याच संध्याकाळी प्रणालीने त्या पांढऱ्या केसांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “मीच त्याले सोडून आली ना बाबा. म्हणून असं होऊन राह्यलं.”

माझ्या खुर्चीसमोरून परत गेलेली सगळी माणसं नेमकी असंच म्हणायची. आपलंच काही चुकलं असेल, साहेब. मी तिला एवढंच म्हणालो, आता बघ.

आणि मग मी जे केलं त्याला तोड नाही, हेही सांगतो! दुसऱ्याच दिवशी पहिली लस. बरोबर अंतराने दुसरी. रक्त काढलं ते स्वतः समोर उभं राहून, नळीवरचा चिपचा आकडा तीनदा ताडून. अहवाल आला, पुन्हा दणदणीत पास, आणि या वेळी तो दहा मिनिटांत ओसाकाला पोचला. एकशे ऐंशी चौकोन आखले आणि रोज एक खोडला. चिखलीच्या सुताराकडून पिंजरा करून घेतला — कुत्रा त्यात उभा राहिला पाहिजे, वळला पाहिजे, हे मापात लिहिलेलं असतं. दोन महिने त्याला त्यातच जेवू घातलं, म्हणजे परका वाटू नये. गजाननभाऊ रोज येऊन विचारायचे, “आज किती राह्यले?”

चाळीस दिवस आधी तिकडे सूचना द्यावी लागते, ती मी पंचावन्न दिवस आधी दिली. तिकडच्या अधिकाऱ्याचं उत्तर आलं : एका लसीचा बॅच क्रमांक लिहायचा राहिला आहे, कृपया कळवावा. मी उडालोच. माझ्या कागदात राहिलं कसं? लगेच कळवलं. त्याने तितक्याच तत्परतेने आभार मानून मंजुरीचा क्रमांक पाठवला. त्या माणसाला माझं प्रकरण नको नव्हतं, त्याला ते पुरं व्हायला हवं होतं. चौतीस वर्षं नोकरी करून अशी चौकशी मी एकदाही केली नव्हती.

मुंबईत सरकारी दाखला घेतला, पिंजरा सामानात चढला, मी वर खुर्चीत. उतरल्यावर एका खोलीत बोलावलं. पांढऱ्या हातमोज्यांतल्या बाईने फुटाण्याच्या मानेवरून यंत्र फिरवलं. टुक्क झालं. तिने आकडा पाहिला, कागद पाहिला, मग एकेक पान उलटत गेली. मी उभाच होतो. अर्ध्या तासाने तिने शिक्का मारला आणि किंचित वाकली. कोंडणं नाही, थांबणं नाही, त्याच दिवशी मोकळा! मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. मनातल्या मनात ओरडलोही. कलेक्टरांच्या हातून प्रशस्तिपत्र घेताना झाला नव्हता एवढा आनंद झाला.

दार उघडलं. समोर प्रणाली. फुटाण्याने पिंजऱ्यात असा धिंगाणा मांडला की खालच्या ढकलगाडीची चाकं आपोआप पुढे गेली. ती जमिनीवर बसली, पिंजऱ्याची कडी काढली, तो तिच्या अंगावर चढला, तोंड चाटू लागला, आणि त्याच्या कंठातून असा काही आवाज निघत होता की जाणारे येणारे थांबून हसत होते. मीही हसत होतो, डोळे पुसत होतो. जिंकलो होतो हो आम्ही.

मग ती उठली. सगळ्या लोकांसमोर माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही होते म्हणून हा आला.”

मी म्हणालो, “हो.”

हे छापून आल्यावर अंक तिला पाठवणार आहे. प्रणाली, मी होतो म्हणून तो दीड वर्ष आला नाही.