तिचा वेग शून्य धरला तर: भोर ते वेल्हे, स्कूटीवर

यंदा जायचं की नाही, यावर आठवडाभर स्वतःचंच डोकं खाल्लं. शेवटी रविवारी सकाळी नऊला स्कूटी काढलीच.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी भोरला गणिताचे क्लास घेते, एकटीच राहते. माझी मैत्रीण सुनंदा वेल्ह्याला शाळेत गणितच शिकवते. दिवाळीनंतर आमचा एक खुळा खेळ असतो. दोघींनी एकाच वेळी आपापल्या घरून निघायचं आणि वाटेत कुठे भेटू ते आधीच समीकरण मांडून ठरवायचं. मधे फोन करायचा नाही. पण उन्हाळ्यात तिचे यजमान गेले. तेव्हापासून ती घराबाहेर पडत नाही, फोन उचलत नाही. मी मेसेज टाकला, 'रविवारी नऊला निघतेय. तूही नीघ.' तिनं तो वाचला, एवढंच.

अंतर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. माझा वेग ताशी तीस. तिचा पंधरा, बाई स्कूटी चालवते की ढकलते, देव जाणे! वेळ क्ष धरली तर ३०क्ष + १५क्ष = ४५. म्हणजे तासाभरात, माझ्यापासून तीस किलोमीटरवर, मार्गासनीच्या आसपास भेट.

कापूरहोळपर्यंत रस्ता बरा आहे. हायवेवर मात्र ट्रक अंगावर येतात, डावी बाजू सोडू नका. नसरापूरला आत वळलं की दोन्हीकडे कापणीला आलेला भात आणि त्याचा वास. 'बघ गं' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, ते फार लागलं.

मार्गासनीला टपरीवर चहा-वडापाव घेतला, तीसेक रुपयांत पोट भरतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक स्कूटीला मी लाज सोडून हात करत होते.

"कुणाची वाट बगताय, बाई?" टपरीवाल्या मावशींनी विचारलं.

"मैत्रिणीची. वेल्ह्याहून येतेय."

"मंग फोन लावा की!"

"आमच्यात ठरलंय, फोन करायचा नाही."

"लईच अवगड मैत्री म्हनायची!" मावशी हसल्या. मलाही हसू आलं, मग एकदम रडूच यायला लागलं.

मुलांना आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो, समजा दोघे एकाच वेळी निघाले. दुसरा निघालाच नाही तर? कपाळ माझं, मीही तेच समजून बसले होते! तिच्या पंधराच्या जागी शून्य ठेवलं. उत्तर तरीही येतं. सगळं अंतर मी कापायचं.

वेल्ह्यात सुनंदा घराच्या पायरीवर बसली होती. डोक्यात हेल्मेट. गाडी अंगणातच.

"नऊपासून बसलेय गं," ती म्हणाली. "किल्लीही लावली. पण हे फाटकाशी उभे राहून 'सावकाश जा' म्हणायचे. आज ते म्हणायला कुणी नाही. पायच उचलेना."

मी तिचं हेल्मेट काढलं. पिठलं-भात करून दोघी जेवलो.

निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. "सावकाश जा," म्हणाली. मला असं कुणी म्हणून किती वर्षं झाली, आठवत नाही. आल्या वाटेनंच, अगदी हळू आले.

तिन्हीसांजेला भोरला पोचले, कुलूप काढलं, दिवा लावला. घर नेहमीसारखं गप्प होतं. तेव्हाच ठरवलं, पुढच्या रविवारी सकाळी आधी तिच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं आणि तिला 'सावकाश जा' म्हणायचं. मग समोरून तिला भेटायला कुणी नसेल, खरंय. पण ती निघेल तरी.