पेन्सिलीचा ठोका

आमच्या यवतमाळच्या इंग्रजी शाळेत शिक्षक निवडताना एक रीत आहे. उमेदवारानं पाच मिनिटं इंग्रजीतून धडा शिकवायचा, आणि उच्चार चुकला की मी टेबलावर पेन्सिलीनं एक ठोका मारायचा. ही रीत मुख्याध्यापिका म्हणून मीच पाडली.

गेल्या जूनमध्ये एकच जागा होती. शेवटी एक मुलगी आली, बंजारा तांड्यावरची. शिकवायची हातोटी अशी की आधीचे सगळे फिके पडले. पण स्टूडंटला ती म्हणाली इस्टूडंट. ठोका. स्कूलला इस्कूल. पुन्हा ठोका. संस्थेचे सचिव गालात हसले. ते स्वतः प्लेझरला प्लेजर म्हणतात, पण वकिलाच्या घरचे पडले. त्यांच्यासाठी कुणी पेन्सिल उचलत नाही.

तिसऱ्या ठोक्यानंतर ती तसले शब्दच टाळू लागली. स्कूलऐवजी क्लास, स्टार्टऐवजी बिगिन. ही धडपड मला चांगली ठाऊक होती. मीही तांड्यावरचीच, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षी नागपूरच्या होस्टेलात आरशासमोर जीभ घासून घासून तो 'इ' मी काढला. शाळेत हे कुणाला माहीत नाही. मला तिची दया यायला हवी होती, पण आली चीड. वाटलं, ही मला सचिवांसमोर फरफटत तांड्यावर नेते आहे.

"स्टेशन म्हणून दाखवा," मी म्हणाले.

तिनं ओठ मिटले, श्वास घेतला.

"इस्टेशन."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

ती बाहेर गेल्यावर सचिव म्हणाले, "पोरगी हुशार आहे. घ्यायची का? उच्चार काय, सुधारतील."

"नाही सुधारत," मी म्हणाले आणि तिच्या नावापुढे फुली मारली.

निघाले तेव्हा ती व्हरांड्यातच उभी होती.

"ताई, मले ओळखलं नाही काय तुमी? उन्हाळ्यात कॉलेजातून तांड्यावर येत होत्या तुमी. आमाले निंबाखाली इंग्रजी शिकवत होत्या. दुसरं कोणी शिकवलंच नाही आमाले बोलाले. तुमी जसं म्हनलं, तसंच घोकलं मी."

खोटं कशाला बोलू, पहिल्याच ठोक्याला मी तिला ओळखलं होतं.

निकाल फोनवर कळवू, असं मी तिला इंग्रजीतून सांगितलं.