गवसणीची नाडी

एमआयडीसीत आमच्या बियाणे कारखान्याशेजारी लोखंडाची मिल आहे. तिथला हा बंदूकधारी वॉचमन. सकाळी एकाच काळीपिवळी जीपमधून आम्ही जातो. परवान्याची दुनळी बंदूक बायकोनं शिवलेल्या गवसणीत घालून तो दोन्ही पायांत धरतो. बोलणं इतकं संथ, की त्याचा "रामराम" पुरा होईपर्यंत पुढचा थांबा येतो. बंदुकीमुळं मी लांबच बसायचो.

परवा नाकाबंदीत एका नव्या फौजदारानं गवसणी सोडली. आत बंदूक दिसताच त्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडं गेला.

वॉचमन हलला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून तसाच संथ बोलला, "साहेब, परवाना वरच्या खिशात हाय. मी हात लावत न्हाई, तुम्हीच काढा. बंदूक बी तुम्हीच खोला, बिलकुल खाली हाय. काडतुसं मिलच्या कपाटात असतेत."

फौजदारानं सगळं बघितलं आणि "जा" म्हणाला.

गाडी सुटल्यावर मी सुस्कारा सोडला. "तुम्हाला भेव न्हाई वाटलं?"

"साहेबच भ्यालते. मंग मी बी भिऊन कसं चाललं असतं?"

गवसणीची नाडी मात्र त्याच्या बोटांना बांधता येईना. मी सरकून त्याच्याशेजारी बसलो आणि गाठ मारली.