बाईंच्या प्रूफवरची सही

कव्हर छापून आलं होतं आणि पुस्तक त्यात बसत नव्हतं. कव्हरची पाठ चार फॉर्म्यांच्या जाडीची होती. फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. मजकूर भरला सहा फॉर्मे.

नारायणगावच्या त्या छापखान्यात मी पानं लावायचो आणि प्रूफं वाचायचो. शाईचा वास, मशिनची धडधड, चहा घेऊन येणारा शेजारचा टपरीवाला. अजूनही आठवलं की बरं वाटतं. हे एक पुस्तक सोडून.

लेखिका पिंपरी पेंढारच्या शाळेतल्या सुमनबाई. त्या बारा वर्षांच्या असताना त्यांचं आंबेगावकडचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. त्यावर त्यांनी मुलांसाठी कादंबरी लिहिली, पण सगळी कवितेत. छोट्या ओळी, भोवती मोकळी जागा. एक पान मला पाठ आहे:

बाबा म्हणाले, चौकट काढून घेऊ.
चौकटीत
मी उभी होते.

मालकांनी पान हातात घेऊन फिरवून पाहिलं. "लई मोकळं सोडलंय राव. पानावर तीन वळी? लोक म्हणतील, ह्यांच्याकडची अक्षरं संपली."

"बाईंनी तसंच लिहिलंय."

"मग जोडा की वळी, भाऊ. शनिवारी शाळेत प्रकाशन हाय. कव्हर काय ताणून बसवू?"

बाई पुण्याला ट्रेनिंगला गेल्या होत्या. फोन करता आला असता. त्या नाही म्हणाल्या असत्या, म्हणून केला नाही. मी ओळी जोडल्या. जिथे बाई थांबल्या होत्या, तिथे 'आणि' घातलं. 'बाबा म्हणाले, चौकट काढून घेऊ आणि चौकटीत मी उभी होते.' पुस्तक चार फॉर्म्यांत बसलं. शेवटच्या प्रूफवर लेखकाची सही असल्याशिवाय मशिनमन हात लावत नसे. ती सही बाईंच्या नावाने मी केली.

शनिवारी सकाळी बाई आल्या. उभ्याउभ्याच चार पानं वाचली. "हे मी लिहिलेलं न्हाई."

मालकांनी प्रूफ पुढे केलं. "सही तुमचीच हाय की बाई. इसरला असाल."

बाईंनी सही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून दुसरंच प्रूफ वाचत राहिलो. पुढे शाळेत बोलणं झालं की बाईंना साधं वाक्य लिहिता येत नाही. त्यांनी पुन्हा काही छापायला दिलं नाही.

मालक वारले, छापखाना बंद झाला. मी आता पंच्याहत्तरीत आहे. गेल्या वर्षी पिंपरी पेंढारला गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं, भाऊ. महिनाभर प्रूफावर तुमचंच अक्षर बघत व्हते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हणून. लई उशीर केलात."

त्यांनी आतून मूळ वही आणली. त्यांची नात तीच वाचते, छापलेलं पुस्तक वाचत नाही.

"नव्याने छापू," मी म्हणालो. "तुमच्या ओळी तुमच्यासारख्या."

"छापा. पण आधी कुणी जोडल्या, ते पयल्या पानावर लिहायचं."

तसं लिहिलं आहे, माझ्या नावासकट. पुस्तक सहा फॉर्म्यांचं झालं. कव्हर शेवटी छापलं. या धंद्यात नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगतो, सहीची जागा कोरी असेल तर मशिन थांबवा. प्रकाशन पुढच्या शनिवारीही करता येतं.